खेळाचा हप्ता

नारळाची मला अजून लाज वाटते. कुठे सत्कार-बित्कार असला की हातात शाल येते आणि नारळ येतो. शाल मी घरी आणते आणि नारळ खुर्चीखाली विसरते. मुद्दाम विसरते. एकदा कार्यक्रमवाल्यांपैकी एक जण तो घेऊन पार बस स्टँडपर्यंत धापा टाकत आला आणि म्हणाला, मॅडम, तुमचा राहिला. आता त्याला काय सांगता, बाप्पा? घेतला, पिशवीत टाकला, आणि घर येईपर्यंत कोणी ओळखीचं बसमध्ये चढू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले. साठी उलटलेली बाई मी. पण नारळ मांडीवर आला की मी परत सतरा वर्षांची होते आणि माझे कान तापतात.

ही सारी कबड्डीची देन. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव धाम नदीच्या पलीकडे, पवनारहून पायी गेलं तर जवळ. बाप हिवाळाभर हिंगणघाटला जिनात कामाला. कापसाची सरकी काढायचं काम, तिकडेच झोपायचा, होळीला घरी यायचा. घरी मी आणि माय. आम्ही दोघी कापूस वेचायला जायचो. दिवाळी झाली की कापूस फुटतो, आणि नेमके तेव्हाच गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. या दोन गोष्टी एकाच वेळी कोणी ठरवल्या देव जाणे. आम्ही देव सोडला होता, माझ्या जन्माच्या आधी, सगळ्या वस्तीसोबत. पण तोंडात अजून येतोच तो.

वेचणीच्या बायांचे पैसे रोज मिळत नसत. आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी मिळायची, तिला हप्ता म्हणत. त्या दिवशी बाया मालकाच्या अंगणात फाटकाशी जाऊन बसत. मागायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं बसायचं. बसलेली बाई म्हणजे हप्त्याला आलेली बाई, हे मालकालाही कळतं. मालक जेवून उठेपर्यंत मालकीण कधी म्हणायची, बसल्या बसल्या एवढं निवडून द्या. मग तेवढं निवडून द्यायचं. त्यानंतर हप्ता हातात पडायचा आणि बाया बाजाराला लागायच्या. मी लहानपणापासून मायच्या शेजारी अशी किती अंगणांत बसले असेन. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे, हे मला वर्ध्याच्या शाळेत गेल्यावर कळलं.

शाळेत मला सरांनी पाहिलं. सर खेळ शिकवायचे. अंगात खादीचा सदरा, सायकलला मागे चेंडूंची जाळी, बोलणं मऊ. गावातल्या चार जणांनी नावं ठेवली तरी त्यांनी मुलींचा कबड्डीचा संघ बांधला होता आणि स्वतःच्या पगारातून चालवला होता. चुना त्यांचा, मलमपट्टी त्यांची, बसचं तिकीटही बरेचदा त्यांचंच. माझा पाय त्यांना आवडला. कबड्डीत समोरच्यांच्या हद्दीत एकटीने घुसायचं, दम न सोडता कोणाला तरी शिवायचं आणि जिवंत परत यायचं, त्याला आम्ही रेड म्हणायचो. माझ्या रेडला कोणी हात घालू शकत नसे. मायला वाटे, मी वेचणीत वाकून वाकून कंबर तयार केली. तिचं तेवढं खरं असावं.

संघातल्या बाकी मुली वर्धा शहरातल्या होत्या. आमची कप्तान टपाल खात्यातल्या बाबूची मुलगी. गोरीगोमटी, चष्मा काढून खेळणारी, मनाने फार चांगली. ती चांगली होती हेच तर माझं दुखणं. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. त्यांच्या हाफपँटी शिंप्याकडून मापाने शिवलेल्या. माझी बापाच्या जुन्या फुलपँटीची, मायने हाताने टाके घातलेली, आणि मागच्या खिशाची खूण तशीच. रेडला जाताना पाठ प्रेक्षकांकडे व्हायची, आणि मला पकडणाऱ्यांची भीती वाटायच्या आधी त्या खिशाची लाज वाटायची.

आमचे सामने कसे असत ते सांगते. गावात दोन-तीन दिवस पोरांचे सामने चालत. शेवटच्या दिवशी, पोरांची फायनल व्हायच्या आधी, आमचा सामना. त्याला प्रदर्शनीय सामना म्हणत. बैलबंडीवर भोंगा बांधून पंचक्रोशीत ओरडत फिरत, महिलांची कबड्डी, महिलांची कबड्डी. माणसं झाडावर चढून बसत. गर्दी व्हायची आमच्या नावावर आणि नोटा जायच्या पोरांकडे. पोरांच्या एकेका रेडवर कोणी दुकानदार पाच रुपये लावी, कोणी शेतकरी दोन लावी, भोंग्यावर नाव पुकारलं जाई, पोरगा येऊन नोट घेऊन जाई. जिंकलेल्या संघाला पाकीट वेगळंच.

आणि आम्हाला ओटी. सामना संपला की संघाला सरपंचाच्या नाहीतर पाटलाच्या घरी नेत. पाटावर बसवत. घरची बाई येऊन हळदीकुंकू लावून पदरात तांदूळ, खण आणि नारळ घाली. लेकीबाळी गावात आल्या, त्यांना रिकाम्या कसं पाठवायचं? आणि लेकीच्या हातावर कोणी पैसे ठेवतं का? हे ते इतक्या मायेनं म्हणत की बोलायला जागाच नसे. आमच्या अंगावर पदर नसायचा. हाफपँटीवर गुंडाळलेली ओढणी पुढे करायची आणि त्यात नारळ झेलायचा. एका गावी ओटी भरणारी बाई एकेकीला आडनाव विचारत पुढे सरकत होती. माझं आडनाव ऐकलं आणि तिचा हात उलसा, जरासाच, थांबला. मग तिने नारळ वरूनच सोडला. कुंकू लावायचं राहूनच गेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र त्या बाईचीच दया आली आणि लाज मला वाटली, असं उफराटं का व्हावं, मला आजवर कळलेलं नाही.

मायची अट पहिल्या दिवसापासून एकच होती. तिने ती चुलीपुढे बसून, माझ्याकडे न पाहता सांगितली होती.

"खेळ नं, कोन नाई म्हनते. पन रोजी घरी आली पायजे."

म्हणजे ज्या दिवशी मी वेचणीला न जाता खेळायला जाईन, त्या दिवसाची मजुरी घरात यायला हवी. यात कठोरपणा काही नव्हता. मी गेले नाही तर हप्ता अर्धा व्हायचा आणि अर्ध्या हप्त्यात आमचा बाजार होत नसे. रोजी आली नाही तर खेळ बंद, इतकं ते सरळ होतं.

पहिल्यांदा मी नारळ आणि खण घेऊन घरी गेले तेव्हा मायने नारळ उलटासुलटा करून पाहिला. आमच्यात ओटीबिटी सारं सोडलेलं. मी म्हटलं, फेकू का? ती म्हणाली, "आपल्यात भरत नाई. इकलं तं चालते."

झालं. तेव्हापासून मी नारळ विकायला लागले. वर्ध्यात एका देवळाच्या बाजूला पूजेच्या सामानाचं दुकान होतं. सामना आटोपून शहरात उतरलो की मी मुलींना सांगायची, मला मावशीकडे जायचं आहे. वर्ध्यात मला मावशी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओळखीचं कोणी नाही असं पाहायचं आणि दुकानात शिरून नारळ ठेवायचा. दुकानदार निम्म्याहून कमी भाव देई. खण आमच्या वस्तीतल्या एका बाईला देऊन टाकायची, ती चोळ्या शिवून विकायची. दोन्ही मिळून रोजी पुरी होत नसे, पण मायचं तोंड बंद होण्याइतकं होई. भूक लागलेली असायची, देवळासमोर गरम आलुबोंडे तळत असायचे, आणि मी ते पैसे मुठीत धरून पवनारच्या रस्त्याला लागायची.

मग तो नारळ परत आला. खोटं सांगत नाही. एका नारळाची शेंडी एका बाजूने जळाल्यासारखी काळी होती, म्हणून मला तो आठवत होता. मी तो विकला, आणि पंधरवड्यानंतर दुसऱ्याच गावी एका बाईनं माझ्या ओढणीत तोच घातला. कार्यक्रमवाल्यांनी वर्ध्याहून त्याच दुकानातून नेला असणार. मला हसू यायला हवं होतं. मी तो परत दुकानात नेला तेव्हा दुकानदारालाच हसू आलं. त्याने तो कानाशी धरून हलवला. पाणी आटलेलं. म्हणाला, पोरी, हा फिरून फिरून म्हातारा झाला, आता नको आणत जाऊ, लगनसराई लागेपर्यंत मले नारळ नको. दुकानात दोन बाया उभ्या होत्या. त्या दोघी माझ्या हाफपँटीकडे आणि नारळाकडे पाहत होत्या. मी पळालेच.

इथे सरांच्या बाजूनं एक सांगायला हवं, नाहीतर कोणाला वाटेल माणूस कंजूस होता. त्याच सुमारास एका गावी सामना रंगला होता. मी एका रेडमध्ये तीन जणी बाद केल्या. कापसाच्या एका दलालाने दहाची नोट काढून वर धरली आणि मला बोटानं ये म्हणून खुणावलं. मागून कोणीतरी शिटी मारली. मग आणखी दोघांनी मारली. तमाशात बाईवर पैसे उधळतात तेव्हा मारतात तशी. सर ताडकन उठले, भोंग्याकडे गेले, आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, आमच्या मुली पैशासाठी खेळत नाहीत, जिल्ह्याच्या नावासाठी खेळतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. दलालाने नोट खिशात घातली आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. बसमध्ये कप्तान म्हणाली, सरांनी बरं केलं गं, मला तर रडूच येत होतं. मी म्हटलं, हो. शिटी मलाही ऐकू आली होती आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ती नोट म्हणजे माझी तीन दिवसांची वेचणी होती, आणि ती खिशात परत जाताना मी पाहत राहिले होते. दोन्हींची लाज एकाच वेळी वाटत होती आणि त्यातली मोठी कोणती ते कळत नव्हतं.

दुकानदाराने नारळ बंद केल्यावर मी ओटी बसमध्येच सोडून तीन सामन्यांना रिकाम्या हातांनी घरी आले. मायने पहिल्या दिवशी विचारलं, आणलं का? मी घागर उचलून पाण्याला गेले. दुसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही. तिच्या हिशेबानं नारळ ही सरांनी दिलेली रोजीच होती, आणि पुढची गोष्ट उघड होती. रोजच्या रोज देणारा मालक रोज देणं बंद करतो, म्हणजे तो आता हप्त्याने देणार. तिने तसं शेजारणीला सांगितलंही, माझ्या कानावर पडलं, की पोरीच्या सरनं हप्ता बांधला. मला वाटलं सांगावं. पण सांगितलं असतं तर खेळ त्याच दिवशी सुटला असता, आणि त्या दिवसांत नागपूरची बातमी होती. विदर्भाच्या संघासाठी निवड होणार होती. आठ दिवसांचं शिबिर. त्या संघातून खेळलं की सर्टिफिकेट मिळतं आणि सर्टिफिकेटवर नोकरी लागते, असं सर सांगत. वेचणीतून बाहेर पडायची मला दिसलेली तेवढी एकच वाट होती.

बाजाराच्या दिवशी सरांनी सगळ्या मुलींना घरी बोलावलं. नागपूरला कोण जाणार ते सांगायचं होतं. सरांचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी आणि मोठं अंगण. आम्ही ओसरीवर सतरंजीवर बसलो. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी कच्चा चिवडा केला होता, वरून कांदा, कोथिंबीर, तेल. मी पहिला घास घेतला आणि फाटक वाजलं.

माय होती. डोक्यावर बाजाराची टोपली, कमरेला विळा खोचलेला. तिने अंगणात पाहिलं, चप्पल फाटकाशी काढली आणि भिंतीला टेकून बसली. तिने मला पाहिलं होतं. पण मालकाच्या घरी कोणी कोणाला हाक मारत नाही. ती नुसती बसली.

काकूंनी त्या दिवशी तूर निवडायला कोणा बाईला बोलावलं होतं. माहेरून तुरीचं पोतं आलं होतं. त्यांना वाटलं, तीच बाई आली. त्या सूप आणि तूर घेऊन गेल्या, मायच्या पुढे ठेवली. हप्त्याच्या आधी थोडं निवडून द्यावं लागतं, हे तिला काय नवीन होतं? तिने सूप ओढलं आणि पाखडायला लागली.

मला पुढचं सगळं आठवतं आणि आठवू नये असं वाटतं. चिवडा तोंडात होता. सुपाचा आवाज येत होता, फट् फट्, आणि सर बोलत होते. मी ताटलीत पाहत होते. सरांनी नावं वाचली. पहिलं माझं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, कप्तानने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. टाळ्या ऐकून मायचं सूप थांबलं. तिने मान वर केली, ओसरीकडे पाहिलं, आणि पुन्हा पाखडायला लागली. सर पुढे सांगत होते, आठ दिवस राहायचं, जेवणखर्चाचे चाळीस रुपये प्रत्येकीने आणायचे, मुलांचा खर्च संघटना करते पण मुलींचा अजून करत नाही, आणि कोणाला अडचण असेल तर आत्ताच सांगावं, लाजू नये. मी लाजले. माझ्याकडे चाळीस रुपये कुठून येणार, आणि आठ दिवसांची रोजी कोण देणार?

मायने तूर संपवली. सूप उचलून ती ओसरीच्या पायरीपर्यंत आली आणि काकूंच्या पुढे ठेवलं.

"बाई, आता पोरीचा हप्ता द्या. मले बाजार कराचा हाय."

काकूंना कळेना. त्यांनी विचारलं, कोणत्या पोरीचा? मायने हनुवटी माझ्याकडे केली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "जिचं नाव पयलं घेतलं नं सरनं, ते. ते माही पोरगी."

मी मान खाली घातली. धरणी फाटावी असं म्हणतात ना, ते उगीच म्हणत नाहीत. माझ्या बाजूला बसलेली मुलगी उलशी सरकली, मला वाटतं मायला जागा द्यायला, पण मला तेव्हा वाटलं माझ्यापासून लांब व्हायला.

सर उठून खाली अंगणात आले. त्यांनी मायला हात जोडले, खोटं नाही. त्यांनी तिला शांतपणे समजावलं की हे काम नाही, खेळ आहे. यात कोणालाच काही मिळत नाही, उलट पदरचं जातं. माय ऐकत होती. मग तिने विचारलं, आमच्या गावचे पोट्टे तं नोटा घेऊन येतेत, त्यायचा बी खेळच नं हा? सर म्हणाले, पोरांचं वेगळं असतं, माय. मुलींनी पैसे घेतले तर लोक काय काय बोलतात ते तुम्हाला माहीत नाही. माय म्हणाली, हो, ते बी खरंच हाय. तिला ते मनापासून पटलं. मला वाटतं पटलं नसतं तर मला इतकं लागलं नसतं.

काकू आत गेल्या आणि तूर निवडल्याचे पैसे घेऊन आल्या. सोबत कपात चहा. त्यांचे डोळे भरलेले होते. मायने चहा उभ्याने घेतला, पैसे पदराला बांधले. साऱ्या हिवाळ्यात कबड्डीपायी आमच्या घरी आलेली खरी रोजी तेवढीच, आणि ती तुरीची होती.

फाटकापाशी चप्पल घालताना माय परत वळली. तिने काकूंना विचारलं, आणखीन तूर हाय का? काकू म्हणाल्या, अर्धं पोतं आहे, भरडून डाळ करायची आहे. माय म्हणाली, घरी नेतो मी, करून देतो, पैसे एकदमच द्या. आणि मग माझ्याकडे न पाहताच सरांना सांगितलं, "पोरीले नेजा नागपूरले."

त्या हिवाळ्यात मायने वेचणीहून येऊन सरांच्या सगळ्या गल्लीची डाळ केली. काकूंनीच घरोघर सांगितलं असणार. आमच्या घरात जिकडे तिकडे तुरीचा भुसा, भाकरीत भुसा, माझ्या वेणीत भुसा. जातं ओढून तिचा उजवा खांदा सुजला. ती एका शब्दानं त्या दिवसाबद्दल बोलली नाही, मीही बोलले नाही. मुलीही बोलल्या नाहीत. पण पुढच्या सामन्याला ओटी भरून झाल्यावर कप्तानने सगळ्यांचे नारळ एका पिशवीत भरले आणि बसमधून उतरताना माझ्या हातात दिले. म्हणाली, घे ना गं, आमच्या घरी नुसते पडून राहतात. किती साधेपणानं म्हणाली. मी घेतले. नको म्हणायची माझी ऐपत नव्हती. दुकानदार घेत नव्हता, म्हणून ते घरी नेले, आणि आम्ही आठवडाभर नारळ खाल्ला. वांग्यात नारळ, चटणीत नारळ. माय म्हणाली, मोठ्या लोकायचं जेवन हाय बाप्पा. ती हसत होती. मी माझ्या वाटणीचा तिच्या ताटात सरकवला.

नागपूरला मी खेळले. चांगली खेळले असं लोक म्हणतात, मला फार आठवत नाही. आठवतं ते एवढंच की रेडला निघताना मधली रेघ ओलांडली की माझ्या डोळ्यांपुढे ती भिंतीला टेकलेली पाठ यायची आणि मी समोरच्यांवर तुटून पडायची. संघात निवड झाली. पुढे दोन वर्षं खेळले. एकदा आम्ही जिंकलो तेव्हा मुलांच्या संघाला पाकिटं आणि गरम कोट मिळाले आणि आम्हाला स्टीलचे डबे. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की संसाराला उपयोगी पडतील. माय त्या डब्यात पुढे कितीतरी वर्षं मीठ ठेवायची. डबा चांगला होता, डब्याबद्दल माझी तक्रार नाही.

सर्टिफिकेटवर खरंच नोकरी लागली. ऐंशीनंतरची गोष्ट. जिल्ह्यातल्याच एका शाळेत खेळाची शिक्षिका. पहिला पगार झाला त्या दिवशी मी बसमधून उतरले ती जवळजवळ धावतच घरी गेले. माय अंगणात बसून काही निवडत होती. मी पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने हात पुसले, पाकीट उचललं, उघडलं नाही, नुसतं हातात तोलून पाहिलं.

"खेळाचा हप्ता देला का वं त्यायनं?"

मी म्हटलं, नाही माय, हा शिकवायचा पगार आहे. मुलींना खेळायला शिकवते त्याचा.

"मंग खेळाचा कवा देतेत?"

मी सांगितलं, तो देतच नाहीत. कधीच देत नाहीत. इतकी वर्षं झाली, आता तरी हे तिला सरळ सांगून टाकावं असं वाटलं.

तिने पाकीट परत माझ्या हातात दिलं. सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "देनं त्यायच्याकडं व्हतं. मंग त्या दिवशी सरच्या वसरीवर तू कायले मान खाली घातली व्हती?"